जुन्या मोटारीचा क्लच आणि गिअर : गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी काय तपासावे

गिअर टाकताना खरखर होऊ लागली की गिअरबॉक्सच गेला, असे बहुतेक मालक धरून चालतात. प्रत्यक्षात जुन्या मोटारींत दोष पुष्कळदा बाहेर, पेडलपासून क्लचपर्यंतच्या जोडणीत असतो.

प्रथम इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. ते तेव्हा सहज पडत असतील आणि इंजिन चालू असतानाच अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नसल्याची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण वेगळे होत नसल्याची शक्यता अधिक. खात्रीसाठी इंजिन चालू व गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पेडल तळापर्यंत दाबावे, १० सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. एवढ्या वेळात गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबायला हवा, आणि तरीही दात घासले गेले तर क्लचप्लेट इंजिनबरोबर फिरतच आहे. इंजिन बंद असतानाही लीव्हर जड जात असेल, तर लीव्हरच्या जोडण्या आणि झिजलेले बुश (सांध्यातील नळीसारखी अस्तरे) आधी पाहावेत.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचमध्ये पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडू लागला, तर यंत्रणेत हवा शिरली आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलजवळच्या, तेल ढकलणाऱ्या सिलिंडरचे) सील झिजले आहे. स्लेव्ह सिलिंडरची (त्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरची) रबरी टोपी उचलून आत ओल आहे का, हेही पाहावे. गळती नसूनही पेडल मऊ लागत असेल तर जुनी रबरी नळी दाबाखाली फुगत असण्याची शक्यता असते. ज्या गाडीला ब्रेक ऑइल सांगितले आहे, तिच्यात खनिज तेल अजिबात घालू नये, कारण त्याने सील फुगून निकामी होतात. केबलच्या क्लचमध्ये ताण तपासावा. पेडलची पिन आणि तिचे लंबगोल झालेले भोक यांकडे सहसा कोणी पाहत नाही; अशा प्रत्येक सांध्यात थोडी हालचाल वाया जाते आणि क्लचपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. हे सर्व ठीक असूनही क्लच सुटत नसेल आणि गाडी बराच काळ उभी राहिलेली असेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) चिकटलेली असू शकते.

याउलट, चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. पेडलला फ्री प्ले (क्लचवर ताण येण्याआधीची मोकळी हालचाल) उरला आहे का, हे आधी पाहावे, कारण काही वेळा तेवढ्या समायोजनानेच काम भागते. प्लेट झिजली असेल किंवा तिच्यावर तेल आले असेल, तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पेडल दाबल्यावर येणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा) असतो. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येणारा आणि दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्समधील बेअरिंगचा असू शकतो.

खरखर एकाच गिअरला होत असेल तर सिंक्रोची (गिअर जुळण्यापूर्वी त्यांचे वेग सारखे करणाऱ्या यंत्रणेची) रिंग झिजल्याचा संशय घ्यावा. अनेक जुन्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो नसतोच, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकताना होणारी खरखर हा दोष नव्हे. पितळी रिंगा असलेल्या गिअरबॉक्समध्ये उत्पादकाने सांगितलेलेच ऑइल घालावे. काही जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) ऑइलांतील गंधकयुक्त घटक पितळाला मारक ठरतात.

गाडी आमच्याकडे आणताना त्रास कोणत्या गिअरला होतो आणि तो इंजिन थंड असताना होतो की गरम झाल्यावर, हे कृपया लिहून आणावे. तपासणीची सुरुवात आम्ही तेथूनच करतो.