सौर इन्व्हर्टर : ग्रीडमधील बिघाडाच्या वेळचे वर्तन

ग्रीडला जोडलेला सौर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलच्या एकदिश विजेचे ग्रीडच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करणारे उपकरण, शॉर्टसर्किटच्या क्षणी कसा वागेल, हे मुख्यतः त्यातील नियंत्रण-प्रणाली ठरवते. फिरत्या जनित्रात तेच यंत्राच्या चुंबकीय रचनेवर अवलंबून असते. सोलापूर परिसरात दोन्ही प्रकार आढळतात : फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, तर शहरातील छपरांवर सौर पॅनेल.

तार तुटून जमिनीला टेकली की व्होल्टेज एकाएकी घसरते. अशा वेळी जनित्र सुरुवातीला आपल्या नियत प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह बिघाडाकडे लोटते. इन्व्हर्टरमधील अर्धवाहक स्विच इतकी उष्णता सोसू शकत नाहीत, म्हणून नियंत्रक प्रवाहाला साधारण १.१ ते १.५ पटींतच अडवतो. संरक्षणाची खरी अडचण इथे आहे. प्रवाह वाढला की ब्रेकर उघडणाऱ्या रिलेला ही किरकोळ वाढ पूर्ण भारापासून वेगळी ओळखता येत नाही. शिवाय एकाच फेजचा जमिनीशी संपर्क झाल्यास, आणि वाहिन्यांवर हाच बिघाड सर्वाधिक होतो, अनेक इन्व्हर्टर ऋण-क्रम प्रवाह, म्हणजे तिन्ही फेजमधील असमतोल दाखवणारा प्रवाहाचा घटक, दाबून टाकतात. बिघाडाची दिशा ओळखणारे काही रिले ज्या खुणेवर विसंबतात, तीच त्यामुळे पुसट होते.

सोलापूरच्या भर उन्हात पॅनेल तळपत असूनही वीज गेली की बॅटरी नसलेल्या घरातला पंखा थांबतो, तो नियमामुळे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनुसार व्होल्टेज नेहमीच्या ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेल्यास अशा लहान संचाने २ सेकंदांत ग्रीडपासून वेगळे व्हायचे असते आणि पुरवठा सुरळीत झाल्यावर किमान ६० सेकंद थांबायचे असते. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव यावर अवलंबून असतो, म्हणून ही अट गैरसोयीची वाटली तरी सैल करण्याजोगी नाही. मोठ्या प्रकल्पांकडून अपेक्षा नेमकी उलट असते : व्होल्टेज १५ टक्क्यांवर आले तरी ३०० मिलिसेकंद जोडलेले राहून त्यांनी व्होल्टेजला आधार देणारा प्रतिक्रिय (रिअ‍ॅक्टिव्ह) प्रवाह पुरवायचा असतो.

ही अपेक्षा का, हे १६ ऑगस्ट २०१६ रोजी कॅलिफोर्नियात दिसले. वणव्यामुळे ५०० किलोव्होल्ट वाहिनीवर झालेला बिघाड लगेच दूर झाला, तरी सुमारे १,२०० मेगावॉट सौर निर्मिती, म्हणजे जवळजवळ फताटेवाडीच्या केंद्राएवढी, ग्रीडमधून गेली. बऱ्याच इन्व्हर्टरांनी बिघाडाने विकृत झालेल्या तरंगावरून वारंवारता, म्हणजे सेकंदातील आवर्तने, चुकीने फार कमी मोजून स्वतःला बंद केले होते. प्रत्यक्षात ती तेवढी घसरलीच नव्हती. त्यानंतर अशा इन्व्हर्टरांना वारंवारतेवरून बंद पडण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सेटिंग देण्यात आली.