स्कॉटिश मिनिस्टर आणि इंग्लिश व्हिकर: एकाच माळेचे मणी नव्हेत

जुन्या काळातलं ब्रिटिश खेडं म्हटलं की दगडी चर्च, शेजारी वेलींनी झाकलेलं घर आणि त्यात काळ्या कोटातला पाद्री, त्याची बायको, लग्नाला आलेल्या मुली असं चित्र डोळ्यांसमोर येतं. हे चित्र बहुतेक वेळा इंग्लंडचं असतं आणि तो पाद्री अँग्लिकन व्हिकर किंवा रेक्टर असतो. स्कॉटलंडमधल्या खेड्यात त्याच्या जागी प्रेस्बिटेरियन मिनिस्टर असे. दोघेही प्रोटेस्टंट, दोघेही संसारी, दोघेही रेव्हरंड. म्हणून आपण दोघांना एकाच माळेचे मणी समजतो. वसईच्या फादरांपेक्षा हे वेगळे, कारण ते लग्न करत नाहीत, एवढं आपल्याला कळतं. या दोघांतला फरक मात्र लक्षात येत नाही. तो प्रार्थनेत आहेच, पण पगार कोण देतं, जाब कोण विचारतं आणि कर्ता माणूस गेल्यावर घरच्यांचं काय होतं, हे पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतो.

आधी वरिष्ठांचं बघू. व्हिकरच्या डोक्यावर बिशप आणि त्याच्या वर आर्चबिशप. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये 1690 पासून बिशप नाहीच. गावात मिनिस्टर आणि वडीलधारे एल्डर मिळून ‘किर्क सेशन’ चालवत. आसपासच्या गावांची मिळून प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनॉड आणि सगळ्यांत वर एडिंबरोला भरणारी जनरल असेंब्ली. असेंब्लीचा मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, एका वर्षापुरता. वर्ष संपलं की तो पुन्हा आपल्या गावचा मिनिस्टर. हेन्री डंकन 1839 साली मॉडरेटर झाले आणि नंतर डमफ्रीसशायरमधल्या रथवेल या आपल्या छोट्या गावीच राहिले. या डंकनसाहेबांकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

पाद्री नेमण्याचा हक्क मात्र दोन्हीकडे बऱ्याचदा जमीनदाराच्या हाती होता, आणि इथेच वाचकाची गल्लत होते. इंग्लंडमध्ये हा हक्क सरळ मालमत्ताच होती. तो विकता येई, धाकट्या मुलाची सोय म्हणून राखून ठेवता येई, नाहीतर एखाद्या ऑक्सफर्डच्या कॉलेजकडे असे. एकाच माणसाकडे दोन-तीन गावं असणं हेही नेहमीचं. एका गावात स्वतः राहायचं आणि दुसऱ्या गावी तुटपुंज्या पगारावर क्युरेट, म्हणजे बदली पाद्री, ठेवायचा. स्कॉटलंडमध्ये 1712 च्या कायद्याने जमीनदाराला नेमणुकीचा हक्क परत मिळाला, तो 1874 पर्यंत टिकला. पण तिथल्या लोकांना तो कधीच पचला नाही. नको असलेला मिनिस्टर येतोय म्हणून गावकऱ्यांनी चर्चची वाट अडवल्याचे प्रसंगही झाले.

आता पैशाकडे. मला यातला सगळ्यांत रंजक भाग हाच वाटतो.

इंग्लंडचा रेक्टर गावच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे टाइद, शेतकऱ्यांकडूनच घेई. व्हिकरला त्यातला सहसा लहान वाटा मिळे. जेम्स वुडफोर्ड हे नॉरफॉकमधल्या वेस्टन लाँगव्हिलचे रेक्टर. दर डिसेंबरात टाइदचा हिशेब करायला शेतकरी त्यांच्याकडे येत आणि त्या दिवशी ते सगळ्यांना जेवण आणि दारू देत. पैसे घेणारा यजमान आणि देणारे पाहुणे, असा तो समारंभ. 1836 च्या कायद्याने टाइदचं रूपांतर रोख रकमेत झालं आणि ही भानगड हळूहळू मिटली.

स्कॉटिश मिनिस्टरला शेतकऱ्याच्या दारी जावं लागत नसे. त्याचा ‘स्टायपेंड’ गावच्या जमीनमालकांवर, म्हणजे हेरिटरांवर बसवलेला असे, आणि तो पुष्कळ ठिकाणी धान्यात मोजला जाई: इतके ‘बोल’ ओटचं पीठ, इतके बोल बार्ली. पिठाचा एक बोल म्हणजे 140 पौंड, सुमारे 63 किलो. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण होते, पण खळ्यावर जाऊन वाटा उचलण्याचा प्रकार इथे नव्हता. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास परगण्याचा शेरीफ पंच बसवी, आदल्या हंगामाच्या धान्याचे भाव ठरवी आणि त्या भावाने बोलांचे पैसे होत. म्हणजे धान्य महागलं की मिनिस्टरच्या हाती जास्त पैसे येत आणि स्वस्ताई आली की घरखर्चाला कात्री लागे. गावच्या गरिबांची प्रार्थना आणि मिनिस्टरचा खिसा यांचं गणित दर वर्षी उलटं पडायचं, हे तिथल्या लोकांच्या नजरेतून सुटलं नसणार. अगदी गरीब गावांसाठी 1810 साली कायदा झाला आणि वर्षाला किमान दीडशे पौंड मिळतील इतकी भर सरकार घालू लागलं. पगारवाढ हवी असेल तर टाइदसाठी असलेल्या न्यायालयात हेरिटरांविरुद्ध अर्ज करायचा, आणि रविवारी त्याच हेरिटरांना पुढच्या बाकांवर बसवून उपदेश करायचा!

घराला ‘मॅन्स’ म्हणत. ते बांधायचं आणि दुरुस्त ठेवायचं हेरिटरांनी, त्यामुळे गळक्या छपरावरून वाद ठरलेला. सोबत ‘ग्लीब’ नावाची थोडी जमीन आणि एक घोडा, दोन गाई चरतील एवढं कुरण. मिनिस्टर स्वतः शेती बघे, बायको दूधदुभतं आणि येणारे-जाणारे सांभाळी. व्हिकरकडेही ग्लीब असे, पण सधन रेक्टर गावच्या जमीनदाराच्या पंगतीत बसणारा. मिनिस्टर शिक्षणाने जमीनदाराच्या जवळचा आणि मिळकतीने मोठ्या शेतकऱ्याच्या.

त्या शिक्षणाचाही फरक मोठा. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी घेऊन बिशपची परीक्षा दिली की इंग्लंडमध्ये काम भागे. स्कॉटलंडमध्ये विद्यापीठात आधी कला शाखा, मग धर्मशास्त्राची वर्षं, मग प्रेस्बिटरीपुढे हिब्रू, ग्रीक, लॅटिनची चाचणी. एवढं करून गाव मिळेपर्यंत कित्येक जण शाळामास्तर किंवा शिकवणी घेणारे म्हणून राहत. काहींना गाव मिळतच नसे.

रविवारी चर्चमध्ये शिरलं तर फरक लगेच कळे. व्हिकर छापील प्रार्थनापुस्तकातून वाची. मिनिस्टर प्रार्थना उत्स्फूर्त म्हणे, आणि प्रवचन कागदावरून वाचणारा मिनिस्टर लोकांना आवडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ऑर्गन नाही. प्रिसेंटर, म्हणजे गाणं सुरू करून देणारा, स्तोत्राची ओळ म्हणणार आणि मागून सगळे. ख्रिसमससुद्धा नाही. प्रभुभोजन वर्षातून एकदा-दोनदाच. त्याआधी एल्डर लायक माणसांना शिशाचं छोटं टोकन देत आणि ते दाखवल्याशिवाय टेबलाशी जागा नाही. ज्याला टोकन नाकारलं, त्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर.

मिनिस्टर मेला की घर रिकामं करावं लागे. व्हिकरच्या विधवेचंही तेच. पण इंग्लंडमध्ये ती नातेवाईक आणि दानावर चालणाऱ्या संस्थांच्या भरवशावर उरे. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या एडिंबरोच्या दोन मिनिस्टरांनी गणिती कॉलिन मॅक्लॉरिन यांच्या मदतीने विधवांसाठी फंड उभा केला. 1744 साली त्याचा कायदा झाला. किती मिनिस्टर दर वर्षी मरतील, मागे किती विधवा राहतील, याचा आयुर्मानावरून हिशेब मांडून आखलेला हा अगदी सुरुवातीचा फंड. मिनिस्टरने वर्गणीच्या चार दरांपैकी एक निवडायचा. त्याप्रमाणे विधवेला वर्षाला 10, 15, 20 किंवा 25 पौंड. पंचवीस पौंडांत चैन होत नसे, पण भावाच्या दारी जावं लागत नसे. देवाच्या माणसांनी मरणाचा इतका कोरडा हिशेब मांडावा, हे मला फार आवडतं.

डंकन याच व्यवस्थेत वाढले. 1774 चा जन्म, वडील लॉक्रटनचे मिनिस्टर. तरुणपणी लिव्हरपूलच्या एका बँकेत तीनेक वर्षं काढून ते या व्यवसायात आले, 1799 मध्ये रथवेलला रुजू झाले आणि आपल्या आधीच्या मिनिस्टरची मुलगी अ‍ॅग्नेस क्रेग हिच्याशी लग्न केलं. दोन मुलगेही मिनिस्टर झाले. मॅन्सच्या घराण्यांचं असंच चाले. 1810 साली त्यांनी गावातल्या मजूर-मोलकरणींसाठी बचत बँक काढली. मोठ्या बँका दहा पौंडांखाली खातं उघडत नसत, इथे सहा पेन्स चालत. जवळजवळ दोनशे वर्षं तुकड्यांत पडलेला गावचा प्राचीन दगडी क्रॉस त्यांनी जुळवून 1823 मध्ये मॅन्सच्या बागेत उभा केला. तो मुळात फोडला होता त्यांच्याच चर्चच्या असेंब्लीच्या हुकमावरून!

मे 1843 मध्ये नेमणुकीच्या त्या जुन्या भांडणाचा कडेलोट झाला. बाराशेच्या आसपास मिनिस्टरांपैकी 474 जणांनी चर्च सोडून फ्री चर्च काढलं. सोडलं म्हणजे स्टायपेंड, मॅन्स, ग्लीब, सगळं. डंकन तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. चव्वेचाळीस वर्षांचं घर आणि बाग मागे ठेवून ते बाहेर पडले. इंग्लंडमध्येही 1662 साली नवा धर्मकायदा नाकारून दोनेक हजार पाद्रींना आपल्या जागा सोडाव्या लागल्या होत्या, पण एकोणिसाव्या शतकातल्या व्हिकरांनी असं एकगठ्ठा काही केलं नाही: स्वतःच्या मालमत्तेतून उठून जायला वेगळं काळीज लागतं.

त्या फुटीचे पडसाद आपल्याकडेही उमटले. मुंबईच्या फोर्टात अँग्लिकनांचं सेंट थॉमस 1718 पासून आहे आणि स्कॉटिश लोकांचं सेंट अँड्र्यूज 1819 पासून. पण विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन 1843 मध्ये फ्री चर्चच्या बाजूने गेले आणि नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप त्याच चर्चचे. दोघेही बेरिकशायरचे.

एखाद्या जुन्या पाद्रीचा शोध घ्यायचा असेल तर आणखी एक फरक कामाला येतो. अँग्लिकन पाद्रींच्या ‘क्रॉकफर्ड’ या सूचीत माणसाचं शिक्षण आणि नेमणुका मिळतात. स्कॉटलंडचे मिनिस्टर ह्यू स्कॉट यांनी तयार केलेल्या ‘फास्टी’मध्ये गावागावाचे मिनिस्टर आहेतच, शिवाय बायको कोणाची मुलगी, लग्न कधी झालं, मुलं किती आणि पुढे काय झाली, हेही पुष्कळदा असतं.