थंडी-पावसात हवेची जाळी बंद करू नका
(आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

थंडी पडली किंवा पावसाची झड लागली की आमच्याकडे फोन वाढतात. एक्झॉस्ट पंखा (आतली हवा बाहेर टाकणारा) शिट्टी मारतोय, खोलीत कोंदट वाटतंय, दार जोर लावून ओढावं लागतंय. आमचा माणूस जाऊन पाहतो, तर बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीवर पुठ्ठा आणि चिकटपट्टी! कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "गार वाऱ्याने सगळे आजारी पडतात."

गारव्याचा काहीच संबंध नाही, असं नाही. गार हवेत नाकाची जंतू अडवण्याची ताकद कमी होते. हवा कोरडी असेल तर खोकल्यातून उडालेले थेंब चटकन सुकून हलके होतात आणि तरंगत राहतात. २००७ साली गिनीपिगांवर झालेल्या प्रयोगात फ्लू ५ अंश सेल्सिअसला हवेतून सहज पसरला, ३० अंशांना पसरला नाही. पण विषाणू येतो तो मुख्यतः जवळ बसलेल्या आजारी माणसाच्या श्वासातून. बाहेर गारठा असला की आपण दारं-खिडक्या लावून एकत्र बसतो आणि तोच श्वास सगळ्यांच्या वाट्याला येतो. थंडी नसलेल्या कितीतरी उष्ण प्रदेशांत फ्लू पावसाळ्यात वाढतो, त्यामागेही हे एक कारण मानलं जातं.

"एसी चालू असतो की!" असंही ऐकतो. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. जागतिक आरोग्य संघटना दर माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवते. ती त्या जाळीतूनच यायची असते. जाळी बुजवली की एक्झॉस्ट दाराच्या फटीतून हवा ओढतो, म्हणून शिट्टी वाजते. पंख्यात बिघाड नसतो, तरी आमच्या माणसाचा अर्धा दिवस जातो. अशा फेरीचे पैसे आम्ही लावतो, ते याचसाठी.

वारा थेट अंगावर येत असेल तर जाळीच्या पात्या छताकडे वळवा, झडप थोडी कमी करा. पूर्ण मिटू नका. वार्षिक देखभाल घेतलेल्यांकडे आम्ही थंडीआधी आणि पावसाआधी येऊन झडप बसवून देतो, कार्बन डायऑक्साइडही मोजतो. तो आपल्या श्वासातून सुटतो, म्हणून खोलीत ताजी हवा किती येते ते त्यावरून कळतं. बाहेर तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतो. बंद खोलीत माणसं बसली की हजाराच्या वर जातो. पुठ्ठा काढल्यावर मीटरवरचा आकडा उतरताना तुम्ही स्वतः पाहा.

फोन करण्याआधी जाळी उघडी आहे ना, तेवढं बघा. उघडी असूनही शिट्टी येत असेल तर तसं सांगा. तुमची तक्रार आधी घेऊ.