सराफा की छप्पन: पाहुण्यांना कुठे आणि केव्हा न्यायचं?

पुण्या-मुंबईचे पाहुणे इंदूरला उतरले की पहिल्या चहाबरोबर विचारतात, "ते तुमचं सराफा-छप्पन कुठे आहे?" जणू एकाच खाऊगल्लीचं नाव आणि आडनाव. खरं तर जागा दोन आहेत, मध्ये साधारण ३ किलोमीटरचं अंतर आहे, आणि एक रंगात येते तेव्हा दुसरी आवरायला लागलेली असते. संध्याकाळी सहाला सराफ्यात पोचलेल्या माणसाला सोन्याचे भाव कळतात, भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस मिळत नाही.

सराफा हा राजवाड्याच्या मागचा, होळकरांच्या जुन्या शहरातला सोन्या-चांदीचा बाजार. रात्री आठ-साडेआठनंतर सराफांच्या पेढ्यांची शटर्स खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांवर, पायऱ्यांवर शेगड्या, कढया, पराती मांडल्या जातात. नऊनंतर वास सुटतो, दहा-साडेदहाला गर्दी भरते, एक-दीडपर्यंत चालतं. रात्री रस्ता जागा राहिला तर तिजोऱ्यांना आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच खोमचेवाल्यांना बसू दिलं, असं तिथे सांगतात. छोटा सराफा नावाचा बाजारही जवळच आहे. रात्रीचं खाणं मुख्यतः बडा सराफ्यात, तेव्हा विचारताना पूर्ण नाव घ्यावं. फोनवर नुसतं ‘सराफा बाजार’ शोधलं तर कधी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला सराफाही समोर येतो. तिथे दागिनेच मिळतील.

छप्पन म्हणजे न्यू पलासियातली ५६ पक्क्या दुकानांची ओळ, म्हणून नाव ‘छप्पन दुकान’. इथे सकाळी पोहे-जलेबीपासून सुरुवात होते आणि रात्री दहा-अकराला दिवे मंदावतात. २०२० साली ही ओळ नव्याने बांधली, गाड्या बाहेर ठेवल्या, बाकं टाकली. रूप बदललं, पण आत्मा दुकानाचाच राहिला: गल्ला, फळा, मागे स्वयंपाकघर, फ्रीज.

दोघांतला खरा फरक ओळखायचा तर शेगडी कुठे आहे ते बघा. सराफ्यात ती गिऱ्हाइकाच्या हाताच्या अंतरावर असते. रात्री आणायची, मध्यरात्रीनंतर उचलून न्यायची, त्यामुळे तिथे जमतं ते एका कढईचं, एका तव्याचं, एका परातीचं खाणं. म्हणून एक माणूस वर्षानुवर्षं एकच पदार्थ करतो. छप्पनला भिंतीआड स्वयंपाकघर आहे, म्हणून यादी लांब.

भुट्ट्याचा कीस हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. चार कोवळ्या कणसांचा कीस दोन वाट्यांच्या आसपास भरतो. दोन चमचे तुपात जिरं, हिंग, बारीक मिरची, मग कीस, पाच-सात मिनिटं परतून एक वाटी दूध, आणि मंद आचेवर तो मोकळा होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं उलथनं हलतं ठेवायचं. चुका ठरलेल्या. कणीस जून असेल तर कीस खळीसारखा चिकटतो. आच मोठी झाली की दूध खाली लागतं आणि धुरकट वास वरपर्यंत येतो. दूध आटायच्या आधी लिंबू पिळलं की ते फाटतं, म्हणून सराफ्यातला माणूस लिंबू, खोबरं, कोथिंबीर द्रोणात वाढल्यावरच घालतो. पावसाळ्यात देशी पांढऱ्या कणसाचा मिळाला तर तोच खावा. इतर वेळी स्वीट कॉर्नचा असतो, आणि तो गोडाकडे झुकतो हे चवीवरून लगेच कळतं.

गराडू फक्त थंडीत. कोनफळाच्या जातीचा कंद, सोलताना हाताला खाज सुटते म्हणून आधी तेल लावतात. फोडी एकदा मध्यम आचेवर शिजेपर्यंत तळून काढून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की कडकडीत तेलात दुसऱ्यांदा सोडतात, वर मसाला आणि लिंबू. गार झाला की चामड होतो, म्हणून द्रोण घेऊन ‘पुढे बसून खाऊ’ असं करू नये. तसंही सराफ्यात बसायला जागा नसते. ढिगातून गरम केल्याशिवाय वाढत असतील तर पुढचा ठेला गाठावा.

दहीबड्याच्या ओट्यावर लोक खाण्याइतकेच बघायला उभे असतात: भरलेला द्रोण हवेत उडवून झेलायचा, मग एकाच चिमटीत धरलेले वेगवेगळे मसाले एकेक करून सोडायचे. जलेबा (जाडजूड, मोठी जलेबी) मात्र विचार करून मागवावा. एकच वेढा पाव किलोच्या वर भरतो, चार जणांत एक पुरतो.

छप्पनची खूण म्हणजे हॉट डॉग आणि बेंजो. ‘हॉट डॉग’ ऐकून लांबट पाव आणि सॉसेज डोळ्यांसमोर आणू नका. इंदुरी हॉट डॉग म्हणजे तव्यावर भाजलेला गोल बन, आत बटाट्याची किंवा मटणाची टिक्की. बेंजोत त्याच बनमध्ये ऑम्लेट. इथे घरातल्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवावी: सराफा शाकाहारी आहे, छप्पनला काही दुकानांत अंडं आणि मटण मिळतं. सोवळ्याची आत्या बरोबर असेल तर दुकान बघून थांबायचं.

घोटाळा वाढतो तो दोन्हीकडे मिळणाऱ्या पदार्थांमुळे. खोपरा पॅटिस (वर बटाटा, आत खोबरं, काजू, बेदाणे) इथेही आणि तिथेही. शिकंजीचंही तसंच, आणि तिथे पाहुणे हमखास फसतात. लिंबू सरबत समजून तहान भागवायला मागवतात, आणि हातात येतं दाट, केशरी, किंचित आंबूस, सुकामेवा घातलेलं दूध. ती पाण्याची जागा घेत नाही, जेवणाची घेते. म्हणून शेवटी, आणि दोघांत एक. साबुदाण्याच्या खिचडीतही आपल्या घरची फोडणी शोधू नये. इथे भिजवलेला साबुदाणा वाफेवर ठेवतात आणि प्लेटगणिक मसाला, फराळी मिक्सचर, लिंबू घालून कालवतात. उपास कडक असेल तर काय काय घालतात ते आधी विचारावं, कोथिंबीर बहुधा असतेच.

जायचं कसं? छप्पनला रिक्षावाल्याला ‘छप्पन’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. बसने आलात तर पलासियाला उतरून चालत. सराफ्याला गाडी नेण्याचा हट्ट करू नका. राजवाड्यापाशी उतरावं आणि पाचेक मिनिटं पायी जावं, गल्ल्या अरुंद आहेत आणि दुचाकीसुद्धा गर्दीत अडकते. मे २०२५ मध्ये सुरू झालेला मेट्रोचा पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरवर आहे, तो या दोन्हींच्या जवळपासही येत नाही. येतानाचं सोपं असतं, परतीचंच अडतं: सराफ्यातून निघेपर्यंत सिटी बस बंद झालेली असते, आणि आतल्या गल्लीत फोनवरून बोलावलेली रिक्षा ‘पोचलो’ दाखवून दुसऱ्याच कोपऱ्यावर उभी राहते. चालत राजवाड्याच्या चौकात या आणि तिथूनच बोलवा.

रंगपंचमीच्या दिवशी गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) राजवाड्यावरून जाते. तेव्हा रंगायचं असेल तर जरूर जा, खायचं असेल तर त्या दिवशी छप्पन.

गुडघे दुखणारे, लहान मुलं, लवकर झोपणारे असतील तर आमचं मत सरळ आहे: संध्याकाळी छप्पन, बाकावर बसून. बाकीच्यांनी त्या दिवशी घरी जेवू नये. साडेनऊला सराफ्यात शिरावं, चार जणांत एक प्लेट या हिशेबाने आधी कीस, मग दहीबडा, थंडी असेल तर गराडू, त्यानंतर गोड. पायांत जुनी चप्पल, खिशात सुटे आणि पाण्याची बाटली. आणि पहिल्याच ओट्यावर पोट भरू देऊ नका. मालपुवा गल्लीत बराच आत आहे.