ओडीबीसी जोडणी

अहवाल काढणाऱ्या प्रोग्रॅमला वेगवेगळ्या कंपन्यांच्या डेटाबेसमधून एकाच पद्धतीने माहिती वाचता यावी, यासाठी ठरवलेली आज्ञांची संहिता व तिच्या आधारे केलेली जोडणी. ‘ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. एक्सेल, क्रिस्टल रिपोर्ट्स किंवा पॉवर बीआय यांसारखी साधने हिशेबाच्या, मालसाठ्याच्या अथवा पगाराच्या जुन्या डेटाबेसला थेट जोडायची झाल्यास आजही बहुधा हाच मार्ग धरतात.

उगम : ओडीबीसीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ‘एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप’ (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) या डेटाबेस-उत्पादकांच्या गटाने ‘कॉल लेव्हल इंटरफेस’ (सीएलआय) ही आज्ञांची संहिता आखली आणि मायक्रोसॉफ्टने तीत भर घालून ओडीबीसी बनवली. दुसऱ्या मतानुसार क्रम उलटा आहे. मायक्रोसॉफ्टतर्फे या कामात असलेले काइल गायगर यांच्या वृत्तांतावरून दिसते ते असे : १९८८च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट, सायबेस आणि लोटस या कंपन्यांत अशा संहितेविषयी बोलणी चालू होती. लोटसचे ‘डेटालेन्स’ हे १-२-३ या तक्ता-प्रोग्रॅमसाठीचे साधन याच हेतूचे होते. त्यातून तयार झालेला ‘एसक्यूएल कनेक्टिव्हिटी’चा मसुदा मायक्रोसॉफ्ट, टँडेम, डिजिटल व सायबेस या कंपन्यांनी जून १९९०मध्ये गटापुढे ठेवला. ओरॅकलचा पर्यायी मसुदाही पुढे आला होता. मतदानात पहिला मसुदा टिकला, पण १२० पानांचा होता तो छाटून सुमारे ५० पानांवर आणण्यात आला. सीएलआय हे नाव रूढ झाले ते या छाटणीच्या काळात. मायक्रोसॉफ्टने मात्र मूळ मसुद्यावरच काम चालू ठेवले आणि सप्टेंबर १९९२मध्ये ओडीबीसीची पहिली आवृत्ती काढली. गटाने वगळलेला बराच भाग तीत आहे. ही गोष्ट दुसऱ्या मताला अधिक अनुकूल ठरते. १९९५मध्ये सीएलआय एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग झाला आणि ओडीबीसीची तिसरी आवृत्ती त्याच्याशी जुळती करून घेण्यात आली. त्यामुळे कोण कोणापासून निघाले हे पुढच्या काळातील कागदपत्रांवरून ओळखणे अवघड जाते.

रचना : अहवालाचा प्रोग्रॅम, ड्रायव्हर मॅनेजर, ड्रायव्हर (विशिष्ट डेटाबेसशी बोलणारा दुवा-प्रोग्रॅम) आणि डेटाबेस अशा चार पायऱ्या असतात. प्रोग्रॅम ठरलेल्या नावाच्या आज्ञा मॅनेजरला देतो, मॅनेजर योग्य ड्रायव्हर शोधून त्या पुढे धाडतो. डेटाबेसचे ठिकाण व प्रवेशाचा तपशील ‘डीएसएन’ या नावाखाली नोंदवून ठेवतात. ड्रायव्हर दोन जातींचे. ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर यांसारख्या डेटाबेसचा ड्रायव्हर निरोप्याचे काम करतो, प्रश्नाचे उत्तर सर्व्हर शोधतो. डीबेस-फॉक्सप्रोच्या फायलींमागे सर्व्हरच नसतो, त्यामुळे तेथे एसक्यूएलचा अर्थ लावण्यापासून ओळी निवडण्यापर्यंत सगळे ड्रायव्हरलाच करावे लागते. अशा फायलींसाठी मायक्रोसॉफ्टने दिलेले ड्रायव्हर प्रथम ‘सिम्बा’ या एंजिनवर आणि नंतर ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेस-प्रोग्रॅमच्या ‘जेट’ एंजिनवर चालत.

जुन्या फायलींचे वाचन : जोडणी झाली म्हणजे माहिती कळली असे होत नाही. बीट्रीव्ह हे याचे ठळक उदाहरण. १९८२च्या सुमारास अमेरिकेतील सॉफ्टक्राफ्ट कंपनीने काढलेल्या व पुढे नॉव्हेलकडे गेलेल्या या व्यवस्थेत फायलीला नोंदीची लांबी व नोंद शोधण्याच्या ‘की’ची जागा एवढेच ठाऊक असते. कोणत्या बाइटपासून कोणत्या बाइटपर्यंत ग्राहकाचे नाव आहे आणि कोठे रक्कम आहे, हे मूळ प्रोग्रॅमच जाणतो. ओडीबीसीसाठी हे ज्ञान ‘डीडीएफ’ नावाच्या वेगळ्या वर्णन-फायलींत लिहून द्यावे लागते. त्या मिळाल्या नाहीत तर रकाने हाताने आखावे लागतात. रकान्याची सीमा एका बाइटने जरी चुकली, तरी ड्रायव्हर तक्रार न करता निराळीच रक्कम दाखवतो.

डीबेस-फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल याहून बोलकी असते. तिच्या शिरोभागात प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइटचे वर्णन असते. मात्र सुट्या डीबीएफमध्ये रकान्याचे नाव १० अक्षरांपलीकडे जात नाही, म्हणून ती नावे कोड्यासारखी असतात, आणि व्यवहाराच्या प्रकाराला दिलेला ३ हा आकडा जमा की नावे (डेबिट) याचा उलगडा प्रोग्रॅमच्या ओळींतच होतो. शिवाय पुसलेली नोंद प्रत्यक्षात पुसलीच जात नाही. तिच्या पहिल्या बाइटमधील रिकाम्या जागी तारका (*) पडते, एवढेच. ‘पॅक’ आज्ञा देईपर्यंत ती फायलीत राहते. ड्रायव्हरमध्ये पुसलेल्या नोंदी वगळण्याची खूण नीट लावलेली नसेल, तर रद्द केलेली बिलेही बेरजेत येतात आणि अहवालाचा आकडा जुन्या छापील खतावणीशी जुळत नाही. दर आर्थिक वर्षासाठी निराळा फोल्डर करण्याची रीत भारतातील पुष्कळ हिशेब-प्रोग्रॅमांत होती. तेथे पाच वर्षांची तुलना हवी असल्यास पाच फोल्डरांच्या फायली जोडाव्या लागतात, आणि ३१ मार्चची अखेरची शिल्लक १ एप्रिलच्या आरंभीच्या शिलकेत पुन्हा मोजली जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते.

मराठी मजकूर : युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या मराठी नोंदींची अडचण निराळी आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१मध्ये ‘इस्की’ हे मानक ठरले व पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ने त्याचा प्रसार केला, तरी विंडोजवर अनेक ठिकाणी नावे फाँटच्या सांकेतिक क्रमाने साठवली गेली. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या साधनांच्या फाँटांत हा क्रम एकसारखा नाही. ड्रायव्हर बाइट जसेच्या तसे पुढे देतो, त्यामुळे अहवालात रोमन अक्षरे व चिन्हे यांची सरमिसळ दिसते. ती युनिकोडमध्ये आणायला त्या त्या फाँटचे परिवर्तक लागते. क्रमवारी लावताना आणखी एक गंमत दिसते. या फाँटांत पहिली वेलांटी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी, साठवलेली असते. परिणामी किसन, विठ्ठल आणि शिवाजी हे तिघे यादीत एकाच ठिकाणी येऊन बसतात.

टॅली : टॅलीची जोडणी वेगळ्या धाटणीची आहे. येथे ड्रायव्हर डेटाफाइल उघडत नाही, तर चालू असलेल्या टॅलीलाच प्रश्न विचारतो. सहसा हे बोलणे ९००० क्रमांकाच्या पोर्टवरून होते. त्यामुळे टॅली उघडी असावी लागते व तीत हवी ती कंपनी निवडलेली असावी लागते. खाते, गट, मालाच्या बाबी या टेबलांसारख्या दिसतात, रकान्यांच्या नावांआधी डॉलरचे चिन्ह असते. अर्थ जाणणारा प्रोग्रॅमच उत्तर देत असल्याने अखेरची शिल्लक तयार मिळते, ती खतावणीवरून पुन्हा काढावी लागत नाही. ही सोय टॅलीत २००१च्या सुमारास आली असे मानले जाते.

भार व इतर अडचणी : चालू व्यवहाराच्या डेटाबेसवर थेट अहवाल चालवल्यास वाचनासाठी नोंदींवर लागलेली कुलुपे (लॉक) बिले करणाऱ्यांना अडवू शकतात. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीत हे सहज घडू शकते. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये निवडीची अट सर्व्हरला समजेल अशी लिहिली नसेल, तर सगळ्या ओळी आधी वापरणाऱ्याच्या संगणकावर ओढून आणल्या जातात आणि मग गाळल्या जातात. अहवाल बरोबर येतो, पण तोवर चहा होतो. अशा जोडणीला केवळ वाचनाचा अधिकार असलेले खाते देणे इष्ट, कारण एक्सेलमध्ये साठवलेला पासवर्ड फायलीबरोबर फिरत राहतो.

६४ बिटांच्या प्रोग्रॅमला ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही, आणि फॉक्सप्रोसारखे जुने ड्रायव्हर फक्त ३२ बिटांतच आहेत. विंडोजमध्ये डीएसएन नोंदवण्याची दोन साधने असून दोघांच्याही फायलीचे नाव ‘ओडीबीसीएडी३२’ असेच आहे. त्यांतले ६४ बिटांचे ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये सापडते, तर ३२ बिटांचे ‘सिसवाव६४’मध्ये.

इतर प्रणाली : यूनिक्स व लिनक्सवर यूनिक्सओडीबीसी आणि आयओडीबीसी हे ड्रायव्हर मॅनेजर आहेत. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जेडीबीसी या जोडणीतून ओडीबीसीकडे नेणारा जेडीबीसी-ओडीबीसी पूल जावाच्या आठव्या आवृत्तीत (२०१४) काढून टाकण्यात आला. मायक्रोसॉफ्टने १९९६च्या सुमारास आणलेली ‘ओएलई डीबी’ ही पद्धत ओडीबीसीची जागा घेईल अशी अपेक्षा होती. एसक्यूएल सर्व्हरपुरती ती मागे घेत असल्याचे २०११मध्ये जाहीर झाले, आणि २०१७मध्ये तो निर्णय फिरवण्यात आला.