हार्ट ब्लॉक

हार्ट ब्लॉक म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटेत आलेला अडथळा. रिपोर्टवर हा शब्द दिसला की घरचे लगेच अँजिओप्लास्टीचं बोलायला लागतात, पण तो ब्लॉकेज वेगळा, तो रक्तवाहिनीतला, हा वायरिंगमधला.

वरच्या कप्प्यातून निघालेला सिग्नल एव्ही नोडमध्ये, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या विजेच्या जोडणीत, जरासा थांबून खाली जातो. ईसीजीवर हा वेळ पीआर अंतर म्हणून मोजतात, नॉर्मल ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणजे कागदावरचे तीन ते पाच बारीक चौकोन. पाचाच्या वर गेलं पण प्रत्येक सिग्नल खाली पोचतोय तर ती फर्स्ट डिग्री, ब्लॉकच्या तीन पायऱ्यांतली सगळ्यात सौम्य, बहुतेकांना यात काही त्रास नसतो.

खरी गोम सेकंड डिग्रीत आहे. वेंकेबाख प्रकारात पीआर वाढत जातो, सहा चौकोन, आठ, नऊ, आणि मग एक पी लाट (वरच्या कप्प्याच्या सिग्नलची ईसीजीवरची खूण) एकटीच येते, तिच्यामागे ठोकाच नाही, की परत सहापासून सुरू. हे झोपेत आणि धावपटूंमध्येसुद्धा दिसतं, सहसा घाबरायचं कारण नसतं. सेकंड डिग्रीचाच दुसरा प्रकार मोबिट्झ २, त्यात पीआर चार, चार, चार असा जिथल्या तिथे आणि अचानक ठोका गायब. कागदावर हाच जास्त नीटनेटका वाटतो आणि इथेच फसायला होतं, कारण बिघाड नोडच्या खाली असतो आणि पूर्ण ब्लॉक कधी होईल सांगता येत नाही, म्हणून चक्कर येत नसली तरी पेसमेकर, म्हणजे हृदयाला विजेचे ठोके देणारं छोटं मशीन, सुचवतात.

थर्ड डिग्रीत वरचे आणि खालचे कप्पे आपापल्या तालात चालतात. ठोके नोडजवळून आले तर मिनिटाला ४० ते ६०, अगदी खालून आले तर २० ते ४०, आणि तेही बेभरवशाचे, माणूस उभ्या उभ्या बेशुद्ध पडतो. स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना असेच झटके यायचे, १९५८ मध्ये शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर त्यांचा, तो काही तासच चालला पण पुढे एकामागून एक २६ पेसमेकर वापरत ते ८६ वर्षं जगले.

प्रत्येकाला मशीन लागतंच असंही नाही. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन अशा गोळ्यांनी किंवा रक्तात पोटॅशियम वाढल्यानेही ब्लॉक होतो आणि कारण दूर झालं की बऱ्याचदा जातो, तेव्हा ईसीजीसोबत चालू गोळ्यांची सगळी पाकिटंही डॉक्टरांना दाखवा.