पार्किन्सन्सवर संशोधन करायचंय? आयसीएमआरच्या अनुदानासाठी अर्ज असा करा

लेव्होडोपा १९६० च्या दशकात आलं आणि आजही पार्किन्सन्सचं मुख्य औषध तेच आहे. त्याने हालचाल सुधारते, पण मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा ऱ्हास थांबत नाही. तो थांबवणारं औषध अजून कुणाकडेच नाही. म्हणूनच जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजातला एखादा डॉक्टर या आजारावर काम करायचं म्हणतो, तेव्हा त्याचा अर्ज कागदपत्रांपायी अडू नये असं मला मनापासून वाटतं.

मुख्य दार म्हणजे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, बाह्य संशोधन योजना. बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना पैसे मिळतात ते हिच्यातून. लहान अनुदान २ कोटी रुपयांपर्यंत मिळतं आणि मध्यम अनुदान २ ते ८ कोटींचं असतं. अर्ज मागवणारं आवाहन निघालं की आयसीएमआरच्या ई-पीएमएस पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरायचा.

मुख्य संशोधक संस्थेच्या कायम नोकरीत असावा लागतो. निवासी डॉक्टर किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याची कल्पना कितीही चांगली असली, तरी अर्ज मार्गदर्शकाच्या नावानेच जातो. खासगी किंवा स्वयंसेवी संस्थेला डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता लागते. त्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना, हे आधी बघा.

विषय नेमका हवा. ‘पार्किन्सन्सची कारणे’ एवढ्यावर कुणी पैसे देत नाही. पॅराक्वाट या तणनाशकाचा आणि पार्किन्सन्सचा संबंध परदेशातल्या अनेक अभ्यासांत दिसला आहे. मग आपल्याकडे वर्षानुवर्षं फवारणी करणाऱ्या शेतमजुरांत काय दिसतं, हा झाला प्रश्न. खाजकुहिलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो. त्याची मात्रा रोजच्या गोळीच्या तुलनेत कशी बसते, हा दुसरा. प्रश्न असा धरला की किती रुग्ण लागतील, कोणत्या तपासण्या लागतील आणि खर्च किती येईल, ते आपोआप मांडता येतं.

आता कागद. संस्थाप्रमुखांचं पत्र, सर्व संशोधकांचा परिचय आणि मनुष्यबळ, साहित्य, प्रवास, उपकरणं असं वेगवेगळं मांडलेलं अंदाजपत्रक तयार ठेवा. नैतिकता समितीची मंजुरी नसेल तर एकही रुग्ण घेता येत नाही, म्हणून समितीकडे अर्ज लवकर टाका. उंदरांवर प्रयोग असतील तर प्राणी नैतिकता समिती वेगळी. औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे, पण मागाहून करून चालत नाही. परदेशी संस्थेचे पैसे किंवा सहभाग असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगीही लागते. तिचा वेळ वेळापत्रकात धरा.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे संमतिपत्र. ते रुग्णाला कळणाऱ्या मराठीत हवं. ‘यादृच्छिक वाटप’ असं लिहिण्याऐवजी ‘कोणाला कोणतं औषध मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल’ असं लिहा. या आजारात अक्षर बारीक होत जातं. एका आजोबांची सही पहिल्या अक्षराला ठसठशीत होती आणि शेवटाला मुंगीएवढी. बँकेच्या सहीशी ती जुळत नाही म्हणून आमच्याच एका कर्मचाऱ्याने फॉर्म बाजूला ठेवला होता. सही अशीच असणार, हे टीमला आधी सांगा. गोळीचा असर असतो त्या तासांत संमती घ्या, घाई करू नका. वाचता येत नसेल तर अंगठा आणि तटस्थ साक्षीदाराची सही, दोन्ही घ्या. साक्षीदार संशोधन टीममधला नको.

छाननीत तज्ज्ञांनी शंका काढल्या तर मुद्देसूद उत्तर द्या. शंका म्हणजे नकार नव्हे. मंजुरीनंतर पैसे हप्त्यांनी येतात. पुढच्या हप्त्यासाठी वार्षिक प्रगती अहवाल आणि जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) लागतं. त्यावर लेखा विभागाची सही लागते, तेव्हा लेखाधिकाऱ्यांशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवा आणि प्रत्येक पावतीवर प्रकल्पाचा क्रमांक त्याच दिवशी लिहा.